बाप म्हणतो, दारू सोडली. मग मुलं परत द्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपूरच्या नंदनवन भागात राहणारे मामा आहेत. बहीण दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. भाची आठ वर्षांची, भाचा चार. जावई हिंगणा एमआयडीसीत कामाला. बायको गेल्यावर दारू वाढली, मुलीला पट्ट्याने मारलं, शाळेतल्या बाईंना वळ दिसले आणि त्यांनी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. मुलं बालकल्याण समितीपुढे आली, तिथून संस्थेत गेली. त्याला तीन महिने झाले. आता जावयाचा अर्ज आहे की दारू सोडली, गावाहून आईला आणतो, मुलं परत द्या. मामांचा सवाल: “एवढं होऊनही समिती त्याला मुलांना भेटू देते, त्याचं ऐकून घेते. मुलं त्यालाच देणार का? आम्ही कुठल्या कोर्टात जायचं?”

भाऊ, आधी कडू गोष्ट सांगून टाकते. हा माणूस वाईट आहे हे तुम्ही पुरतं सिद्ध केलंत तरी तेवढ्याने केस संपत नाही. समिती त्याला शिक्षा द्यायला बसलेली नाही. ते काम फौजदारी कोर्टाचं. समितीपुढचे प्रश्न तीन. मुलं आज त्या घरात गेली तर तिथे काय होऊ शकतं? झालंच तर ते किती गंभीर असेल? आणि होत असताना मध्ये कोण पडेल? नातेवाईक पहिल्या प्रश्नावर तासभर बोलतात. दुसऱ्यावर थोडं. तिसऱ्यावर कोणीच बोलत नाही, आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

कोर्ट कुठलं, ते पटकन उरकते. सध्या मुलं बाल न्याय कायदा, २०१५ खाली समितीच्या देखरेखीत आहेत. अध्यक्ष आणि चार सदस्य असं हे मंडळ, त्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ‘समिती म्हणजे काय, समाजसेवकांची बैठक’ या समजुतीत राहू नका. मुलांना घरी पाठवायचं, संस्थेत ठेवायचं, की ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तुमच्याकडे सोपवायचं, हे आज तिथेच ठरतं. कायमचं पालकत्व हवं असेल तर रस्ता वेगळा, कौटुंबिक न्यायालयाचा, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा. पण तिथे कलम १९ आडवं येतं: बाप हयात आहे आणि कोर्टाच्या मते अपात्र नाही, तोवर दुसऱ्या कोणाला पालक नेमता येत नाही. म्हणजे अपात्रता आधी दाखवावी लागणार, आणि तिचे कागद समितीच्या फाइलीतूनच निघणार. कोणी ‘हायकोर्टात हेबियस टाकू’, म्हणजे बेकायदा कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायचा अर्ज करू, म्हणत असेल तर हात जोडा. मुलं समितीच्या रीतसर आदेशाने संस्थेत आहेत, कोणी कोंडून ठेवलेली नाहीत.

आता कायद्याचा कल कुठे आहे ते बघा, म्हणजे समितीचा राग येणार नाही. २०१५ च्या कायद्यात कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. लवकरात लवकर आपल्या घरी परतण्याचा हक्क मुलाचा. पण या हक्काला एक शेपूट जोडलं आहे: परतणं मुलाच्या हिताचं नसेल तर नाही. तुमची सगळी केस त्या शेपटात आहे. जावयाला भेटू देतात याचं कारणही तेच. बाप समोर आल्यावर मुलगी कशी वागते, धावत जाते, आखडते, की खाली मान घालून बसते, हे भेटीशिवाय कळणार कसं? भेटीच्या नोंदी संस्थेकडून समितीकडे जातात. त्या नोंदी तुमच्या दहा अर्जांहून जड असतात.

झालेलं आणि होणारं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. झालेल्याला पुरावा लागतो. होणाऱ्याचा अंदाज करावा लागतो, पण तो अंदाज सिद्ध झालेल्या गोष्टींवरच उभा राहतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ मध्ये हे फार स्वच्छ मांडलं होतं: मागे घडलेली गोष्ट कोर्टापुढे एकतर घडली असते किंवा घडलेली नसते, ‘घडली असावी’ अशा संशयावर पुढच्या धोक्याचा इमला चढवता येत नाही. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्याकडचं मंडळही व्यवहारात असाच विचार करतं. म्हणून सांगते, ‘बहिणीच्या मृत्यूतही त्याचाच हात असेल’ हे वाक्य अर्जातून काढा. त्याला काही आधार असता तर तेव्हाच तक्रार झाली असती. असं एक वाक्य बाकीच्या नऊ खऱ्या वाक्यांवर पाणी फिरवतं.

तुमच्याकडे जे खरं आहे ते भक्कम आहे. पहिल्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद फाइलीत आहे का, ते वकिलामार्फत बघून घ्या. मूल खेळताना पडतं तेव्हा लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कोपराला, कपाळाला. कान, मान, पाठ, पोट, कुल्ले इथल्या खुणांकडे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. पट्ट्याचा वळ तर बऱ्याचदा दोन समांतर रेघांचा उठतो, तो पडल्याने येत नाही. शाळेतल्या बाईंचा जबाब, हजेरीपट, कुठल्या दिवसांनंतर मुलगी शाळेत आली नाही, शेजाऱ्यांनी कधी पोलिसांना बोलावलं असेल तर त्याची नोंद, हे सगळं तारखेनिशी मांडा. विशेषणं नकोत.

मग पुढचं. जावई म्हणतो दारू सोडली. सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीचे कागद असतील, कुठल्या गटाच्या बैठकांना जात असेल, तर ती चांगलीच गोष्ट आहे, तिची टिंगल करू नका. व्यसन सुटल्यावरचे पहिले काही महिने सगळ्यात निसरडे असतात, हे सदस्यांना माहीत असतं. एकच कागद आणि तोही अर्जाच्या आदल्या आठवड्यातला असेल तर तो काय सांगतो हेही त्यांना कळतं. पण माझ्या मते खरा प्रश्न दारूच्या अलीकडचा आहे. त्याने मारलं ते प्यायल्यावर, की न पिताही? पट्टा उचलला त्या दिवशी काय घडलं होतं? अभ्यास, पाणी सांडणं, धाकट्याचं रडणं, की मुलीने आईचं नाव काढलं? शुद्धीत असतानाही हात उठत असेल तर बाटली सुटल्याने मुलीला काय मिळणार? हे प्रश्न परिवीक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे समितीसाठी घरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, विचारायला हवेत. विचारले नसतील तर तुमच्या वकिलाने लेखी विनंती करून ते अहवालात आणायला हवेत.

आणखी एक खूण मी नेहमी बघते: तो कबूल करतो का? ‘मी तिला पट्ट्याने मारलं, ती घाबरली होती, माझं चुकलं’ असं जो बाप समितीपुढे म्हणतो, त्याच्यासोबत काम करता येतं. ‘थोडी शिस्त लावली, आजकाल मास्तर मारत नाहीत म्हणून मुलं बिघडतात’ असं म्हणणारा निर्व्यसनी झाला तरी मला धोक्याचा वाटतो. त्याच्या लेखी तक्रार करणारी ती मुलगीच दोषी असते. घरी गेल्यावर तिने ‘बाईंना का सांगितलंस?’ हा प्रश्न ऐकायचा आणि गप्प राहायला शिकायचं. पुढच्या वेळी वळ शाळेत दिसणार नाहीत.

आता आजी. जावयाच्या अर्जातला सगळ्यात वजनदार मुद्दा आजीच आहे, आणि तुम्ही तिच्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. ‘आजी घरी असेल’ हे कागदावर फार गोड दिसतं. त्याची तपासणी अशी करायची. आजी कायमची येणार, की कापूस वेचणीला परत गावी? तिचं वय, तिचे गुडघे, तिचं दिसणं-ऐकणं कसं आहे? मुलगा दारात पिऊन आला तर ती त्याला अडवू शकते का? यापूर्वी कधी अडवलं आहे का? बहीण जिवंत होती तेव्हा आजी घरी असताना त्याने हात उचलला होता का, आणि तेव्हा आजीने काय केलं? तिच्याकडे स्वतःचा फोन आहे का, आणि १०९८ लावायची तिची तयारी आहे का, पोटच्या पोराविरुद्ध? हा शेवटचा प्रश्न क्रूर वाटतो, पण तो विचारायलाच हवा. काही आज्या ताडकन ‘हौ, लावीन’ म्हणतात आणि खरंच लावतात. काहींच्या डोळ्यांतच उत्तर दिसतं. पहिल्या प्रकारची आजी निघाली तर, भाऊ, तुमची केस कमजोर होईल आणि तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

परदेशातून आणलेल्या मुलांच्या खटल्यांत हीच रीत आणखी उघडी दिसते. १९८० च्या हेग करारानुसार एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेलेलं मूल परत पाठवायचं असतं. कलम १३ मध्ये अपवाद आहे: परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल तर. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये त्यावर पद्धत सांगितली. आरोप तूर्त खरे धरा, आणि मग बघा की संरक्षणाचे जे उपाय देऊ केलेत ते पुरेसे आहेत का. भारत या करारात सामील नाही आणि तुमच्या केसशी त्याचा कायद्याने काही संबंध नाही. पण माझ्या अशिलांना मी हाच व्यायाम करायला लावते. समजा सगळं खरं आहे. तरी आजी, देखरेख, उपचार, शाळा एवढं सगळं असताना मुलगी त्या घरात रात्री निर्धास्त झोपेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर कशामुळे नाही, ते लिहा. तोच तुमचा अर्ज.

गृहचौकशी अहवालाबद्दल थोडं रागाने लिहिते. ‘घर पक्के आहे, दोन खोल्या, शौचालय, टीव्ही, फ्रिज आहे, उत्पन्न इतके, सबब ताबा देण्यास हरकत नाही.’ असे अहवाल वाचून वाचून डोळे थकले. धोका भिंतीत नसतो. पत्र्याच्या खोलीत मुलं सुखाने वाढतात आणि स्लॅबच्या घरात पट्टा खुंटीला टांगलेला असतो. उलट बाजूनेही तेच. तुम्ही तुमच्या अर्जात लिहिलंय की जावयाला पगार कमी आहे आणि तुमचं स्वतःचं घर आहे. गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण नाही. गरिबीने अडत असेल तर सरकारने मदत द्यायची, बालसंगोपन योजना त्यासाठीच आहे, त्यात सध्या मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पगाराचा मुद्दा काढून टाका. त्याने तुम्ही मुलांसाठी नाही, जावयाला खाली दाखवायला आलात असं दिसतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा, कारण समितीला ते बघावंच लागतं. मुलं घरी गेली नाहीत तर ती हवेत राहत नाहीत, संस्थेत राहतात. सहा वर्षांखालची मुलं शिशुगृहात, मोठ्या मुली मुलींच्या बालगृहात. म्हणजे आई गेल्यावर ज्या बहिणीच्या कुशीत तो चार वर्षांचा पोरगा झोपत असणार, ती बहीणही त्याच्याजवळ नाही. हीसुद्धा इजाच आहे, फक्त तिचे वळ दिसत नाहीत. म्हणून ‘काही झालं तरी बापाला देऊ नका, संस्थेत राहिली तरी चालेल’ हे तुमचं वाक्य तुमच्याच विरोधात जातं. तुम्ही दोघा भावंडांना एकत्र ठेवणारं घर देऊ शकता, तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुम्हाला माहीत असावेत, दोन्हींत आई वारलेली आणि मूल आईच्या माहेरी. २००८ च्या निकालात बापावर बायकोच्या मृत्यूबद्दल फौजदारी खटला चालू होता. खालच्या कोर्टांनी मूल बापाला दिलं होतं. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि मूल आजोळीच ठेवलं. खालच्या कोर्टांनी बापाच्या चारित्र्याचा आणि त्या खटल्याचा नीट विचार केला नाही, मुलाला काय हवं ते विचारलंच नाही, असं त्यात म्हटलं आहे. २०१९ च्या निकालात, जो मुंबई हायकोर्टातून वर गेला होता, आई कर्करोगाने गेली होती. बाप आजारी असताना तान्हं मूल मावशी-मामांकडे होतं. बाप बरा झाला आणि त्याने मूल मागितलं. मावशी-मामांनी लेकराला जीव लावला होता, त्याबद्दल वाद नव्हता. तरी मूल बापाला मिळालं आणि माहेरच्यांना भेटीचा हक्क. फरक कशाने पडला ते उघड आहे: दुसऱ्या प्रकरणात बापाकडून धोका नव्हता. माया हा निकष असता तर दोन्हींत आजोळच जिंकलं असतं.

तुमची केस या दोहोंच्या मध्ये आहे. अशा मधल्या केसमध्ये शहाणं मंडळ ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं एका दमात म्हणत नाही. कलम ३७ खाली समितीला बरेच पर्याय आहेत: देखरेखीसह घरी पाठवणं, ‘योग्य व्यक्ती’कडे काही काळासाठी देणं, समुपदेशन आणि उपचारांचे निर्देश देणं. मी तुमच्या जागी असते तर पायऱ्या मागितल्या असत्या. आत्ता मुलं मामांकडे. बापाच्या भेटी आधी समुपदेशकासमोर, मग दिवसभराच्या. तान्ह्या पोळ्याला पोराचा लाकडी नंदी सजवायला बाप येऊ दे की, कोण नाही म्हणतं? रात्रीचा मुक्काम सगळ्यात शेवटी, तोही ओपीडीचे कागद सलग असतील आणि मुलगी स्वतः तयार असेल तरच. प्रत्येक पायरीनंतर अहवाल. शाळा बदलायची झालीच तर ती जूनअखेरीस शाळा उघडताना बदला, मध्येच नको.

अटींपैकी काही कामाच्या असतात, काही नुसत्या शोभेच्या. ‘यापुढे मारणार नाही’ असं हमीपत्र शोभेचं. मारताना ते कोणाला आठवत नाही. ‘मुलगी दर आठवड्याला शाळेतल्या समुपदेशकाला एकटी भेटेल’ ही अट कामाची. ‘मामांच्या घरी दर रविवारी येईल’ हीसुद्धा कामाची, कारण त्या दिवशी कोणीतरी तिला न्हाऊ घालेल आणि पाठ बघेल. देखरेखीच्या आदेशावर मात्र फार विसंबू नका. इंग्लंडमध्ये मारिया कोलवेल नावाची सात वर्षांची मुलगी होती. सांभाळणाऱ्या नातेवाइकांकडून काढून तिला आईकडे परत दिलं. त्या आदेशाला कोर्टात कोणी विरोधही केला नाही, देखरेखीचा आदेश होता, समाजसेवक घरी जात होते. भेटींच्या वेळी ती रडायची, पळून यायची. ‘सवय होईल’ असं धरून चालले. जानेवारी १९७३ मध्ये सावत्र बापाच्या मारहाणीत ती गेली. चौकशी झाली, आणि १९७५ च्या कायद्यात अशा बिनविरोध प्रकरणांतही मुलाची बाजू मांडायला स्वतंत्र माणूस नेमण्याची तरतूद आली. आपल्याकडेही मुलाचं ऐकून घेणं कायद्यात आहे. तुमच्या भाचीचं म्हणणं सदस्यांनी तिला एकटीला बसवून ऐकलं आहे का, कोणत्या तारखेला, हे विचारा.

आणि तिला पढवू नका. कृपा करून नका. आठ वर्षांची मुलगी ‘माझे पिताश्री व्यसनाधीन आहेत’ म्हणाली की सदस्य पेन खाली ठेवतात. तिला बाबा आवडतही असतील, आणि त्यांची भीतीही वाटत असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि तिने दोन्ही सांगितलं तरी तिचं नुकसान होत नाही.

वेळ कमी आहे. कायद्याप्रमाणे सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश मुलं पहिल्यांदा समोर आणल्यापासून ४ महिन्यांत व्हायचा असतो, आणि तुमचे तीन गेलेत. या आठवड्यात दोन अर्ज द्या. एक, ‘योग्य व्यक्ती’ म्हणून तुमच्या घराची चौकशी करून दोन्ही भावंडं एकत्र सोपवावीत. दुसरा, वर सांगितलेले मुद्दे जावयाच्या आणि आजीच्या चौकशीत घ्यावेत. सोबत आधार, राहण्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, घरात कोण कोण राहतं त्याची यादी, मुलगी कुठे झोपेल ते. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं, पण अपिलाच्या भरवशावर पहिली तारीख ढिली सोडू नका. देखरेखीसह मुलं बापाकडे गेलीच तर जावयाशी बोलणं तोडू नका. त्या घरात शिरायचा रस्ता तुमच्याकडे राहिला पाहिजे.

तुमच्या पत्रात मामींचा उल्लेख एकदाही आला नाही. आणखी दोन मुलं सांभाळायला त्या तयार आहेत का, हे आधी घरात बोला, आणि तारखेला त्यांना सोबत आणा. सदस्य पहिला प्रश्न त्यांनाच विचारतील.